सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरची एक फेरी

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर खेळायचं असेल तर पहिला सामना नशिबाशी असतो. कोर्स कुठल्याच क्लबच्या मालकीचा नाही. सार्वजनिक जागा आहे, कारभार सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्टकडे आहे. गावकऱ्यांचा इथे गोल्फ खेळायचा हक्क १५५२ सालच्या आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेत मान्य झालेला आहे. त्याच सनदेत आर्चबिशपला याच जागेवर ससे पाळायची मुभाही होती. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या क्लबात जशी मेंबराची ओळख काढून वेळ मिळवता येते, तसं इथे चालत नाही.

वेळ मिळवायचे तीन रस्ते. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज करायचा, हॉटेल आणि कोर्स एकत्र विकणाऱ्या अधिकृत कंपनीला भरपूर पैसे मोजायचे, किंवा रोजच्या सोडतीत नाव घालायचं. सोडत ऑनलाइन असते. किमान दोघं, जास्तीत जास्त चौघं. खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपर्यंत नावं द्यायची, निकाल त्याच संध्याकाळी. रविवारी कोर्स बंद असतो; सोमवारची सोडत शनिवारी निघते. एकट्या माणसासाठी २०२४ पासून वेगळी सोडत आहे. पूर्वी एकटे खेळाडू रात्रीपासून रांग लावून थंडीत कुडकुडत बसायचे; आता आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवायचं आणि निकालाचा मेसेज येतो. आमचा सल्ला असा, की गावात चार-पाच रात्रींचा मुक्काम ठेवा, रोज सोडतीत नाव घाला आणि मधल्या दिवसांसाठी शेजारचा न्यू कोर्स किंवा ज्युबिली कोर्स बुक करून ठेवा. ‘न्यू’ म्हणजे १८९५ चा, जुन्या काळचा नामांकित गोल्फर ओल्ड टॉम मॉरिस यानं आखलेला. तो दुय्यम समजायचं काहीच कारण नाही.

ऐन मोसमातला दर २०२५ मध्ये ३४० पौंड होता. सोबत अधिकृत हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा; जितका मोठा तितका खेळ कच्चा) दाखला हवा. आपल्या क्लबाकडून आलेलं प्रमाणपत्र छापून आणि फोनवर, दोन्ही ठेवा, कारण स्टार्टर (गटांना खेळायला सोडणारा अधिकारी) खरोखर बघतो. नोव्हेंबर ते मार्च दर बराच उतरतो, पण तेव्हा फेअरवेवरचा, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचा, प्रत्येक चेंडू छोट्या मॅटवर ठेवून मारावा लागतो. मॅटवरून लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचा कोर्स) खेळण्यात अर्धी गंमत गेलीच. एप्रिलचा शेवट किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध त्यापेक्षा बरा.

एडिंबराहून लूखर्स स्टेशनपर्यंत तासाभराची रेल्वे, तिथून बस. रविवारी पोचलात तर उत्तम. त्या दिवशी कोर्सवर गोल्फ नसतो आणि अख्खं गाव कुत्री घेऊन फेअरवेवर फिरत असतं. तुम्हीही फिरा, फुकट आहे. सतराव्या होलच्या, म्हणजे कोर्सच्या अठरापैकी सतराव्या टप्प्याच्या, रोड बंकरपाशी (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा) उभं राहून त्याची भिंत कुठपर्यंत येते ते बघा, बाराव्याच्या टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या जागेवरून, पुढचे बंकर दिसतात का ते बघा (दिसत नाहीत), आणि पायाखालची जमीन चाचपा. पुस्तकी माहितीपेक्षा ही दोन तासांची पायपीट जास्त उपयोगी पडते.

जमीन हा इथला मुख्य मुद्दा आहे. खाली वाळू, वर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक, विरळ गवत. पाणी पडलं की लगेच निचरा, त्यामुळे जमीन कडक. चेंबूर किंवा येरवड्याच्या कोर्सवर चेंडू जाड, पाणी पाजलेल्या गवतावर अलगद बसलेला असतो. वेजनं (चेंडू उंच उडवणारा क्लब; क्लब म्हणजे खेळायची काठी) त्याच्याखाली शिरायला जागा असते. इथे चेंडूखाली काहीच नसतं. जास्त बाउन्सचा (क्लबच्या तळाचा फुगवटा), म्हणजे १२-१४ अंशांचा सँड वेज या जमिनीवर आपटून उसळतो आणि क्लबची धार चेंडूच्या मधोमध बसते. चेंडू ग्रीन (भोकाभोवतीचा अगदी आखूड गवताचा भाग) ओलांडून थेट पलीकडे. पिशवीत ६ ते ८ अंश बाउन्सचा एक वेज ठेवा आणि तोही नाइलाज झाल्यावरच काढा. ग्रीनच्या बाहेर वीस-तीस यार्डांपर्यंत पटर (चेंडू जमिनीवरून सरपटवणारा क्लब; त्या फटक्याला पट म्हणतात) हे पहिलं हत्यार. गवत इतकं आखूड असतं, की फेअरवे कुठे संपला आणि ग्रीन कुठे सुरू झालं ते डोळ्यांना कळतच नाही. पटरला जागा नसेल तर ७ किंवा ८ नंबरच्या आयर्ननं (लोखंडी डोक्याचा क्लब) पटसारखा ढकललेला चिप, म्हणजे छोटा फटका.

अंतराचं गणितही बदलतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आणि उबदार. इथे समुद्रसपाटी आणि १२-१४ अंशांची गार, जड हवा. पुण्यात १५० यार्ड हवेत जाणारी ७-आयर्न इथे १४०-१४५ वर खाली येते. मात्र पडल्यावर थांबत नाही, कडक जमिनीवर आणखी पंधरा-वीस यार्ड पळते. म्हणून लेझरनं झेंड्याचं अंतर मोजून काही साधत नाही. चेंडू टाकायची जागा ठरवायची: ग्रीनच्या अलीकडे साधारण वीस यार्ड, आणि ज्या उंचवट्यावर टाकणार त्याचा उतार कुठे आहे ते. वाऱ्याचा आमचा ढोबळ हिशेब असा, की समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा म्हणजे एक क्लब जास्त, म्हणजे एक नंबर लांब मारणारा. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर अर्धाच क्लब कमी. समोरच्या वाऱ्यात जोर लावू नये. जोर लावला की चेंडूला फिरकी जास्त मिळते आणि तो फुगून वर चढतो. दोन क्लब मोठा घ्यायचा, दांडा दोन बोटं खाली धरायचा, चेंडू उजव्या पायाकडे सरकवायचा आणि स्विंग खांद्यापाशीच थांबवायचा.

कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा आणि वाट दाखवणारा सोबती, घ्याच. इथे बग्गी वैद्यकीय कारणाशिवाय मिळत नाही, आणि मोसमात ट्रॉलीही दुपारी बारानंतरच. पण कॅडी घ्यायचं कारण ओझं नाही, दिशा आहे. निम्म्या टीवरून गवताचे उंचवटे, पिवळ्या फुलांची काटेरी गॉर्सची झुडपं आणि दूरची चर्चची टोकं एवढंच दिसतं. कॅडी म्हणतो, “त्या डाव्या मनोऱ्यावर मार,” आणि तुम्ही मारता. तो का म्हणतो, ते पुढे गेल्यावर कळतं.

कोर्सची आखणी एका वाक्यात सांगायची तर गावापासून निघून एडन नदीच्या मुखापर्यंत जायचं, तिथे छोटासा वळसा घ्यायचा आणि त्याच पट्ट्यातून परत यायचं. मेडल टीवरून (सुरुवातीच्या अनेक जागांपैकी एक) ६,७२१ यार्ड, पार (अपेक्षित फटके) ७२. पार-३ फक्त दोन, पार-५ फक्त दोन. फेरी घड्याळाच्या उलट दिशेनं होत असल्यामुळे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा धोका उजव्या हाताला राहतो: जाताना गॉर्स, येताना हद्दीबाहेर. उजव्या हातानं खेळणाऱ्या सामान्य खेळाडूचा चेंडू उजवीकडेच वळतो, त्यामुळे कोर्स बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतो. डावीकडे मैदान मोकळं आहे. पण डावीकडून ग्रीनकडे जाताना नेमका बंकर किंवा उंचवटा आड येतो. चांगला कोन उजव्या कडेवरून मिळतो. प्रत्येक टीवर किती डावीकडे पळायचं हा एकच प्रश्न असतो. आमचं मत, हँडिकॅप १५ च्या वर असेल तर लाज न बाळगता डावीकडे पळावं.

पहिल्या होलवर फक्त डोकं ठिकाणावर ठेवायचं. पहिला आणि अठरावा यांचा मिळून सव्वाशे यार्डांहून रुंद असा सपाट फेअरवे, मधून ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा रस्ता, आणि त्यावरून वेस्ट सँड्सच्या पुळणीकडे निघालेली माणसं. ३७६ यार्डांपैकी दोनशे-दोनशे वीस स्विल्कन पुलाच्या रोखानं मारले की पुरे. दुसरा फटका मात्र पूर्ण हवा, कारण स्विल्कन ओढा ग्रीनच्या अगदी ओठाशी वाहतो. समोरचा झेंडा जवळ भासतो म्हणून लोक कमी क्लब घेतात आणि ओढ्यात जातात. ग्रीनच्या मागच्या कडेचं अंतर धरून क्लब निवडायचा. मागे काही धोका नाही.

दुसऱ्यापासून दुहेरी, म्हणजे दोन होलांना मिळून एक अशी ग्रीनं सुरू होतात. अशी सात आहेत आणि जोडीची बेरीज नेहमी १८ भरते: २ आणि १६, ३ आणि १५, असं ८ आणि १० पर्यंत. स्वतंत्र ग्रीन फक्त १, ९, १७ आणि १८ ला. जातानाचे झेंडे पांढरे, येतानाचे लाल. अठराव्याचा तेवढा पांढरा, नाहीतर मागच्या इमारतींत दिसायचा नाही. घाईत लाल झेंड्यावर नेम धरला तर चेंडू त्याच ग्रीनवर पण भलत्या टोकाला पडतो. नियमानं ते एकच ग्रीन असल्यानं ड्रॉप (चेंडू उचलून दुसरीकडे टाकायची मुभा) मिळत नाही, पन्नास-साठ यार्डांचा पट मारावा लागतो. पाचवा आणि तेरावा यांचं ग्रीन पाऊण एकराहून मोठं आहे. इतक्या लांबच्या पटला सराव लागतो. बसून रेषा वाचण्यात वेळ घालवू नका. चेंडूच्या बाजूला उभं राहून हात खालून टाकल्यासारखा मोकळा हलवा आणि फक्त वेगाचा विचार करा. दिशेची चूक दोन मीटरची होते, वेगाची दहा मीटरची.

तिसऱ्याला डावीकडचा कार्टगेट बंकर आणि चौथ्याला ग्रीनसमोरचा उंचवटा, एवढं लक्षात ठेवून पुढे जावं. पाचव्याला उजवीकडे सेव्हन सिस्टर्स हे सात बंकर आहेत, तेव्हा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, डावीकडे. वारा पश्चिमेचा असला तर या सगळ्या होलवर तो डावीकडून-समोरून येतो आणि चेंडू गॉर्सकडे ढकलतो. गॉर्समध्ये गेलेला चेंडू दिसला तरी हात घालू नका. काटे रेनसूट फाडतात. एक पेनल्टी घेऊन बाहेर यावं.

सातवा ते अकरावा हा वळसा. सातव्याचा आणि अकराव्याचा मार्ग चक्क एकमेकांना छेदतो. आझाद मैदानावर एका सामन्याचा लाँग-ऑन दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, तसा प्रकार. ‘फोर!’ (चेंडू येतोय, सावध!) ऐकू आलं की बघत बसायचं नाही, डोकं झाकायचं. गुण मिळवायचे तर आठ ते दहा इथेच. आठवा १५४ यार्ड, नववा ३४७, दहावा ३४०, सगळे बऱ्यापैकी सपाट. नवव्यावर ड्रायव्हर काढू नका. फेअरवेच्या मधोमध बंकर आहेत आणि ते बरोबर चांगल्या ड्राइव्हच्या अंतरावर आहेत.

अकरावा १७४ यार्डांचा पार-३. पश्चिमेच्या वाऱ्यात हा थेट समोरून लागतो. ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरलेलं, उजवीकडे समोर स्ट्रॅथ बंकर, डावीकडे हिल बंकर. १९२१ च्या ओपनमध्ये (ब्रिटिश ओपन स्पर्धा) अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सनं इथेच हिल बंकरमध्ये फटके घालवले आणि फेरी सोडून दिली. पुढे याच गावानं त्याला डोक्यावर घेतलं, शेजारचा दहावा होल आज त्याच्या नावानं ओळखला जातो. खेळायचं कसं? झेंड्याच्या मागे जाऊ नये. मागून खाली येणारा पट थांबवता थांबत नाही, कधी कधी ग्रीनवरून बाहेर पडतो. दोन्ही बंकरांच्या मधल्या समोरच्या भागात थोडा आखूड राहिलेला चेंडू इथे सर्वात शहाणा.

बाराव्याच्या टीवरून मोकळं मैदान दिसतं आणि ड्राइव्ह मधोमध मारला की चेंडू नाहीसा होतो. एकेकाळी हा कोर्स उलट दिशेनंही खेळला जायचा. त्या दिशेनं येणाऱ्याला हे बंकर समोर दिसायचे. आपल्याला त्यांची पाठ दिसते, म्हणजे नुसतं गवत. ओल्ड कोर्सवरचे बरेचसे ‘अन्यायकारक’ बंकर या हिशेबानं बघितले की त्यांचा अर्थ लागतो.

बंकर शंभराहून जास्त, आणि त्यांची भिंत हा वेगळा विषय आहे. गवताच्या जाड लाद्या एकावर एक रचून उभी भिंत केलेली असते, वाळू टिकवण्यासाठी आणि वाऱ्यानं कडा ढासळू नये म्हणून. काही वर्षांनी ती उन्हा-पावसानं खचते आणि नव्यानं रचावी लागते. तळ लहान, वाळू पातळ, आणि चेंडू बहुतेक वेळा भिंतीपासून हातभर अंतरावर येऊन थांबतो. आमच्या चौकडीतल्या एकाचा चेंडू तेराव्याच्या कॉफिन्स नावाच्या बंकरांमध्ये असाच थांबला. त्यानं क्लबचं तोंड पूर्ण उघडून पहिला फटका मारला. चेंडू भिंतीच्या तिसऱ्या थरावर आपटून परत त्याच्याच बुटापाशी. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी कॅडीनं क्लबानं मागची दिशा दाखवली, मग चेंडू टीच्या बाजूला चार यार्ड बाहेर आला. भिंतीच्या उंचीइतक्या अंतरात चेंडू असेल तर पुढे मारायचा विचारच करू नये. आडवा किंवा मागे काढा. तेही जमत नसेल तर नियमात सोय आहे: चेंडू न खेळण्याजोगा ठरवून दोन पेनल्टी घ्यायच्या आणि झेंडा-चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, बंकरबाहेर ड्रॉप करायचा. दोन फटके महाग वाटतात, पण भिंतीशी झुंजण्यापेक्षा स्वस्त पडतात.

याची खात्री चौदाव्याला पटते. ५३० यार्ड, उजवीकडे हद्दीची भिंत, डावीकडे बिअर्डीज बंकर, आणि ग्रीनच्या शंभरएक यार्ड अलीकडे हेल नावाचा बंकर. जॅक निकलॉसला १९९५ च्या ओपनमध्ये हेलमुळे या होलवर १० लागले होते. पहिला फटका भिंत आणि बिअर्डीजच्या मध्ये, दुसरा सरळ डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर, तिसरा तिथून ग्रीनकडे. वाट वाकडी आहे, पण हेल पूर्ण टळतो. सोळाव्यालाही तेच: मधोमध प्रिन्सिपल्स नोज हे बंकर, मागे लपलेला डीकन साइम बंकर, उजवीकडे हद्दीबाहेर. डावीकडे जा.

मग सतरावा, रोड होल. मेडल टीवरून ४५५ यार्ड, ओपनसाठी २०१० पासून ४९५. टीसमोर जुन्या रेल्वे शेडची प्रतिकृती, तिच्यावर ओल्ड कोर्स हॉटेलचं नाव, पलीकडे खुद्द हॉटेल. ड्राइव्ह त्या शेडवरून मारायचा, फेअरवे दिसत नाही. तुमचे आतापर्यंतचे सोळा होल कॅडीनं बघितलेले असतात, त्यावरून तो कोणत्या अक्षरावरून मारायचं ते सांगतो. अक्षर जितकं उजवीकडचं, तितकं धाडस जास्त. ड्राइव्ह दोनशे यार्डांच्या आत असेल तर शेडच्या डावीकडूनच जावं.

दुसऱ्या फटक्याला ग्रीन तिरकं आणि उथळ मिळतं. समोर डावीकडे रोड बंकर, मागे डांबरी रस्ता, त्याच्या मागे दगडी भिंत. रस्ता आणि भिंत दोन्ही खेळाचा भाग, फुकट ड्रॉप नाही. बंकर स्वतः फार मोठा नाही, पण भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरलेली आहे, त्यामुळे तो आहे त्याच्या दुप्पट मोठा असल्यासारखे चेंडू गोळा करतो. १९७८ मध्ये टॉमी नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवर होता. पट घसरून बंकरमध्ये गेला आणि होलला ९ लागले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनची २-आयर्न रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेली आणि ओपन सेव्ह बायेस्तेरोसला मिळाली. एकूण काय, पार-४ विसरा. दुसरा फटका ग्रीनच्या उजव्या समोरच्या कोपऱ्यात, दहा-पंधरा यार्ड आखूड ठेवा. तिथून ग्रीनच्या लांबीत पटर चालतो. पाच लागले तर स्कोअरकार्डवर आनंदानं लिहावेत.

अठराव्याला क्लबहाऊसच्या घड्याळावर नेम. उजवीकडे कुंपण, रस्ता आणि उभ्या गाड्या, म्हणजे हद्दीबाहेर. स्विल्कन पूल जेमतेम तीस फुटांचा आहे. फोटो काढा, पण चौघांचे चार आणि मिळून एक एवढेच. ट्रस्टनं फेरीला ३ तास ५७ मिनिटं ठरवून दिली आहेत आणि इथपर्यंत आलेल्या गटाला मार्शल आठवण करून देतोच.

ग्रीनसमोर डावीकडे व्हॅली ऑफ सिन हा खोलगट भाग. आखूड पडलेला प्रत्येक फटका त्यात घरंगळतो. आत असाल तर पुन्हा पटर, आणि डोळ्यांना वाटेल त्यापेक्षा जास्त जोर, कारण चेंडू आधी चढावर वेग गमावतो आणि माथ्यावर रेंगाळला तर परत पायाशी येतो. १९९५ मध्ये कोस्तांतिनो रोक्कानं इथूनच पट टाकून प्लेऑफ गाठला होता. कुंपणापलीकडे बघे असतातच. चेंडू होलच्या पुढे गेला तरी हरकत नाही, माथा ओलांडला पाहिजे.

कॅडीचे पैसे आणि टिप रोख द्यायची असते, तेव्हा पौंडांच्या नोटा सकाळीच पिशवीच्या कोरड्या कप्प्यात ठेवा. सोडत लागली नाही आणि परतायचा दिवस आला, तर एकट्यानं आदल्या दिवशी नाव नोंदवायचा रस्ता तेवढा उरतो. चौघांच्या गटानं अशा वेळी वेगवेगळी नावं घालावीत, एकाची तरी लागण्याची शक्यता वाढते.